पंखावर धरलेला बर्फ

आई गेली त्या वर्षी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, ओमानला घेऊन आले. ते ऐंशीला टेकले होते आणि चिपळूणच्या पुढच्या आमच्या गावात एकटा राहतो म्हणत होते. मी ऐकलं नाही. पासपोर्ट काढला, व्हिसा काढला आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसवलं. मस्कत येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, म्हातारा माणूस, घाबरला असेल.

आम्ही माबेलाला राहतो. मस्कतचं हे बाहेरचं टोक. इथून कामाला जायचं म्हणजे दिवसातला मोठा तुकडा गाडीतच जातो. नवरा उजाडायच्या आत रुवीकडे निघायचा तो दिवे लागल्यावर परत. मुलगी शाळेत. मी सीबच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करत होते, त्यामुळे दिवसभर घरात अण्णा एकटेच. मे महिन्यातल्या एका दुपारी ते पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरले आणि हरवले. माबेलातल्या इमारती सगळ्या एकाच रंगाच्या, सगळ्यांना सारखंच गेट. गावात नदीवरून नाहीतर एखाद्या वडावरून ओळखून घरी येणाऱ्या माणसाला इथे खूण कसली सापडणार? ते एका मशिदीच्या सावलीला बसून राहिले. पाण्याच्या टँकरवरच्या एका पाकिस्तानी ड्रायव्हरने त्यांना पाहिलं, पाणी पाजलं आणि आसपासच्या किराणा दुकानांत विचारत विचारत आमच्यापर्यंत आणून सोडलं. अण्णांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. त्या आठवड्यात मी नोकरी सोडली.

मग तो उन्हाळा आम्ही दोघांनी दोन खोल्यांत काढला. पडदे दिवसभर ओढलेले, एसी चालू. खिडकी उघडली तर गरम वारा आणि खाली नुसती खडी. अण्णा सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसायचे. नात शाळेतून आली की दोघं एकमेकांकडे बघून हसायची, कारण तिचं मराठी दोन वाक्यांत संपायचं आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शुक्रवारी नवरा आम्हाला दार्सैतच्या कृष्णमंदिरात न्यायचा. बाकीचे दिवस मी त्यांच्यावर लक्ष ठेवायची आणि ते माझ्यावर. मी ओट्यापाशी उभी असले की मागून त्यांची नजर जाणवायची. ही माझ्यासाठी घरात बसली, हे त्यांना कळत होतं. बोलत मात्र दोघंही नव्हतो.

बोलणं सुटलं ते सीबच्या मासळी बाजारात. नवऱ्याला सुट्टी होती म्हणून सकाळीच सगळे गेलो होतो. सुरमई कापून होईपर्यंत अण्णा एका टेबलापाशी थांबले. माशांखालच्या बर्फावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. हात लाल झाला तरी काढेनात. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बर्फ वरती, आभाळात, धरतो काय गो? विमानाच्या पंखाला?"

मी म्हटलं, धरत असेल, थंड देशात. दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा कामावर आणि मुलगी शाळेत असताना, त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. लहानपणापासून मला एवढंच ठाऊक होतं की माझे आजोबा परदेशी गेले ते आले नाहीत. आमच्या घरात तो विषय निघाला की आई ताटं वाजवायला लागायची.

आजोबा मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, तो साहेब बिऱ्हाड आवरून मायदेशी निघाला आणि आजोबांच्या हातची चव सुटेना म्हणून त्यांनाही बरोबर घेऊन गेला. बोटीने नाही, विमानाने. प्रवासी विमानं तेव्हा नवी होती, आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेलंही नव्हतं. अण्णा तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. काही दिवसांनी, साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करणारा शेजारच्या गावचा एक माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. साहेबाच्या कचेरीतून कळलं ते त्याने सांगितलं. वाटेत बर्फाच्या डोंगरांवरून जाताना विमानाच्या पंखांवर बर्फ धरला आणि विमान पडलं. साहेब, मडम, सगळे गेले. हाताला काही लागलं नाही.

गाव हसलं. गावाने बर्फ पाहिला होता तो बंदरावरून मासळीबरोबर भुशात घालून येणारा. टोपली घाट चढेपर्यंत त्यातला अर्धा पाणी होऊन जायचा. आणि हे विमान तर वर, सूर्याच्या दिशेने गेलेलं, त्याला म्हणे बर्फ धरला. एवढ्या मोठ्या लोखंडाला मूठभर बर्फाने पाडलं. लोकांनी एकमेकांना विचारलं आणि उत्तरही आपणच देऊन टाकलं. तो पडला-बिडला नाही, साहेबाच्या मदतीने तिकडेच राहिला, दुसरं घर केलं, आणि या माळ्याला शिकवून पाठवलं. पुढे आफ्रिकेहून परतलेल्या एकाने सांगितलं की मोंबाशाला अगदी तसाच माणूस बायकामुलांसकट पाहिला. मग तर प्रश्नच मिटला.

"आणि आजी?" मी विचारलं.

आजीच्या सासऱ्याने सांगितलं, माझा मुलगा जिवंत आहे, कुंकू पुसायचं नाही. त्या म्हाताऱ्याला मुलगा बेइमान चालत होता, मेलेला चालत नव्हता. आमच्या जातीत विधवेचा पाट लागायचा. आजी विशीतली होती. तिचे वडील पुढच्या वर्षी एक चांगला माणूस बघून आले, तर सासऱ्याने त्यांना ओटीवरही बसू दिलं नाही. नवरा असलेल्या बाईचा पाट कसा लावता? पण तिला सवाष्ण म्हणून हळदीकुंकवालाही कुणी बोलवत नव्हतं. विधवा धरावी तर कपाळावर कुंकू, सवाष्ण धरावी तर नवरा कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी स्वतःहून आले. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी करता येतो, मुलगा आता हाताशी आला आहे, उरकून टाका म्हणाले. सासऱ्याने त्यांनाही घालवून दिलं. पुढे सासरा मेला, तरी आजीने विधी होऊ दिला नाही. तोवर तिचं आयुष्य तसंच घडून गेलं होतं. ती गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं. बायका कुजबुजत होत्या, हे नेसवायचं की नाही.

अण्णा शाळेत पळपुट्याचा पोरगा होते. मोठे झाल्यावर त्यांनी पिठाची गिरणी टाकली आणि चाळीसेक वर्षं चालवली. गिरणी चालू असली की दारात डबे घेऊन उभे असलेले लोक काय बोलतात ते ऐकू येत नाही, म्हणून तोच धंदा बरा वाटला, असं त्यांनी मला माबेलाच्या त्या सोफ्यावर बसून सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "खरं काय?"

"गाव बोलला तेच मी धरून चाललो," ते म्हणाले. "मेलेल्या बापाची आठवण काढावी लागते. पळून गेलेल्याची नाय लागत."

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने तिथेच फोनवर शोधलं, बर्फ धरलेल्या विमानांची चित्रं काढली आणि अण्णांच्या पुढे धरली. असे अपघात पूर्वी खरोखर झालेत, अगदी सुरुवातीच्या विमानांचे जास्त, असं समजावून सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. नंतर मला हळूच म्हणाले की फोनवर काय, कोण काय वाटेल ते घालतो.

त्यानंतरचे महिने आधीपेक्षा जड गेले. सांगून मोकळं व्हायच्या ऐवजी ते अधिकच आत गेले. जेवण कमी झालं. एकदा मी भांडी घासत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला घरी सोड. इथे मी कोंडलोय आणि माझ्यापायी तू." मी नाही म्हणणार होते, पण हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांचं खरं होतं. त्यांना गावी एकटं ठेवायचं म्हणजे रोज फोनची धास्ती, आणि इथे ठेवायचं म्हणजे हे असं. दोन्हीकडून दार बंदच होतं. नोव्हेंबरची तिकिटं काढली. मी पोचवून आठवड्याने परतणार होते.

त्या दिवशी हवा दमट होती. समुद्राकडून ओल येत होती आणि बसमधून उतरून विमानाच्या शिडीपर्यंत चालताना ब्लाउज पाठीला चिकटला. आमच्या जागा बरोबर उजव्या पंखावर आल्या. खिडकीशी एक रायगडकडचे गृहस्थ होते, सीबच्या जुन्या बाजारात कापडाचं दुकान असलेले, भाचीच्या लग्नाला निघालेले. मधे अण्णा, कडेला मी. दारं बंद झाली. पट्टे बांधून झाले. विमान हलेना.

बराच वेळ गेला तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, म्हणालं. मग घोषणा झाली, आधी अरबीत, मग इंग्रजीत. मी ऐकलं आणि माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नाही. उजव्या पंखावर बर्फ आढळला आहे, तो जाईपर्यंत थांबावं लागेल, प्रवाशांनी सहकार्य करावं.

सगळ्या विमानात हसू फुटलं. बाहेर सामान चढवणारी माणसं बाहीने घाम पुसताना दिसत होती. कुणी म्हणालं, मस्कतात बर्फ, आता उंटांना स्वेटर घाला. कुणी म्हणालं, मशीन बिघडलंय, सांगायला तोंड नाही म्हणून गोष्टी रचतात. खिडकीशी बसलेले गृहस्थही माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आपल्याला येडे समजतात काय हे? बर्फाने कुठे विमान थांबतं?"

अण्णांनी माझं मनगट धरलं. "काय बोलले ते वरून?"

मी सांगितलं. ते त्या गृहस्थांना म्हणाले, "मला जरा खिडकीशी बसू द्याल?"

त्यांनी लगेच जागा दिली. अण्णा सरकले आणि काचेला कपाळ टेकवून बघायला लागले. मीही वाकले. पंख जिथे विमानाच्या अंगाला जोडलेला असतो तिथे, करड्या पत्र्यावर, चुन्याचा एक हात फिरवावा तसा पांढुरका पट्टा होता. बाकी पंखावर ओल होती, थेंब होते. तो पट्टा मात्र कोरडा आणि खरखरीत दिसत होता.

थोड्या वेळाने पुढून वैमानिक आला. आमच्याच ओळीपाशी थांबला, माफ करा म्हणाला आणि अण्णांच्या खांद्यावरून वाकून पंखाकडे बघू लागला. तरुण नव्हता, कानांपाशी केस पिकलेले. अण्णा मला म्हणाले, "विचार त्याला. एवढ्याशा बर्फाने पडतं काय विमान?"

मी इंग्रजीत विचारलं. मला वाटलं, प्रवाशाची भीती समजून काहीतरी गोड बोलून जाईल. पण त्याने अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नीट उत्तर दिलं. मी ते तसंच्या तसं मराठीत सांगत गेले. हे विमान लांबून, खूप उंचावरच्या थंडीतून आलं आहे. पंखाच्या पोटात इंधन असतं, ते बर्फाहून गार झालेलं. इथली दमट हवा त्या पत्र्याला लागली आणि तिचा बर्फ झाला. आता कोमट इंधन भरत आहेत, ऊन आहे, थोड्या वेळात जाईल. पण त्याआधी मी उडणार नाही.

"जड होतं म्हणून पडतं?" अण्णांनी विचारलं.

"जड होतं तेही आहे," तो म्हणाला, "पण मुख्य म्हणजे पंख गुळगुळीत राहत नाही. खरखरीत झाला की हवा त्याला उचलून धरत नाही. पातळ थर पुरतो. सुरुवातीच्या काळात हे लोकांना पुरतं माहीत नव्हतं. माणसं गेली, तेव्हा कळलं."

मी शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा माझा आवाज बदलला असावा, कारण वैमानिकाने माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून तो पुढे गेला.

अण्णा खिडकीकडे वळून बसले. पट्ट्याच्या कडा पाणी होऊन पंखावरून ओघळत होत्या. आजूबाजूला लोक अजून हसत होते, कुणी फोनवर मस्कतात बर्फ पडल्याचं नातेवाइकांना सांगत होतं. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "मला अंघोळ करायची."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मरणाची बातमी कानावर आली की अंघोळ करायची असते, माणूस जाऊन किती का काळ झालेला असेना. त्यांच्या लेखी त्यांचे वडील त्या घटकेला वारले होते.

मी म्हटलं, मुंबईला उतरल्यावर करू. ते ऐकेनात. मग खाली उतरव म्हणाले, दोन तांबे ओतून घेतो आणि येतो. मी सांगितलं की दारं बंद झाली आहेत, आता कुणालाच उतरता येत नाही. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि उभे राहिले, पुढे बघितलं, मागे बघितलं. सगळीकडे डोकी. त्यांना तसं उभं पाहिलं आणि मीही उठून उभी राहिले. या नळकांड्यात, एवढ्या माणसांत, या माणसाने बापाचं सुतक कुठे धरायचं?

मी त्यांना मागच्या संडासाशी नेलं. दोघं मावणार नाही एवढी ती जागा, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून मी बाहेर उभी राहिले. त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. त्या नळाला धार अशी नव्हतीच. मी बॅगेतली पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी दक्षिणेकडे तोंड करून ओतायची म्हणून मला दिशा विचारली. मला कुठली कळायला? मी ऊन येत होतं त्यावरून अंदाजाने एक बाजू दाखवली. तिकडे आरसा होता. त्यांनी डोळे मिटले, बाटली डोक्यावर उपडी केली, आणि वडिलांचं नाव घेतलं. ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

विमान कर्मचाऱ्यांतली एक मुलगी धावत आली. जमिनीवर पाणी, एक म्हातारा उघड्या अंगाने. ती रागावणारच होती. मी तिला इंग्रजीत म्हटलं, यांचे वडील वारले.

"आत्ता?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच कळलं."

तिने कागदी रुमालांची चळत आणली, एक पांघरूण आणलं आणि मी अण्णांचं डोकं पुसेपर्यंत वाटेत उभी राहून बाकीच्यांना थांबवून धरलं.

जागेवर आलो तेव्हा ते रायगडचे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, पण ओले केस आणि चेहरा पाहून त्यांनी ओळखलं असावं. खिडकीची जागा त्यांनी परत मागितली नाही. काही वेळाने वैमानिक पुन्हा येऊन बघून गेला. पट्टा गेला होता, पत्रा नुसता ओला होता. विमान उडालं, तेव्हा अण्णांचे डोळे उघडे होते. मुंबईपर्यंत ते पंखाकडेच बघत होते. त्यांना भीती वाटत नव्हती. वडिलांनी शेवटी काय पाहिलं असेल ते शोधत असावेत. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

गावी गेल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी भटजींना बोलावलं. आताचे भटजी म्हणजे त्या वेळच्या भटजींचा नातू. पळसाची पानं पोरांनी डोंगरातून आणली. नदीवर पुतळा केला, अग्नी दिला. अण्णांनी या वयात डोकं भादरून घेतलं. गावातले लोक आले, पण ते पन्नाशी-साठीचे, त्यांना काही माहीतच नव्हतं. अण्णांनी त्यांना पंखाच्या खरखरीची गोष्ट सांगितली, त्यांनी हो हो केलं. हसलेली माणसं केव्हाच गेली होती. ज्यांना सांगायचं त्यांतलं कुणी उरलं नाही, हे घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायवाटेवर दगड बघून बसले. मी विचारलं, आजीचं काय, तिचा काही विधी करायचा का? तिला हिरव्यात पाठवली ते राहू दे, असं ते म्हणाले.

एक मात्र होती. आजोबांची धाकटी बहीण, अण्णांची आत्या, खेडकडे नातसुनेपाशी. नव्वदी उलटलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. भाऊ गेला तेव्हा ती परकरी पोर होती. मी परतायच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्याकडे गेलो. अण्णा तिच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. मस्कतचं विमान, पंखावरचा पांढरा पट्टा, वैमानिक काय म्हणाला ते. ती अण्णांच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत राहिली.

"लय शिव्या दिल्या रे आमी त्याला," ती म्हणाली. मग हात त्यांच्या डोक्यावरच ठेवून म्हणाली, "थंडी वाजली आसंल त्याला."

अण्णांना मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. आईच्या वेळीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परतले. अण्णा गावीच राहिले, समोरच्या घरातली सून त्यांना दोन वेळचं जेवण देते. माबेलाच्या घरात शिरले तेव्हा पडदे ओढलेलेच होते. दवाखान्यातली माझी जागा भरली होती, दुसरीकडे विचारते आहे. मुलीने आजोबा का आले नाहीत म्हणून विचारलं. मी मराठीत सांगायला लागले, ती अर्ध्यात थांबवून म्हणाली, इंग्लिशमध्ये सांग. मी सांगितलं. पण अंघोळीपर्यंत आल्यावर मला शब्द सापडेनात, आणि ती वाट बघत बसली.